निमिष, म्हणे

चष्म्याच्या दुकानात बाबा भिंगं पुसत होते. माझ्या होणाऱ्या बाळासाठी मी निवडलेल्या नावाचा अर्थ आत्या मोबाइलवरून मोठ्याने वाचत होती. "निमिष. पौराणिक, आधुनिक, मुलगा-मुलगी दोघांनाही शोभणारं. अर्थ, क्षण."

"क्षण कसला? पापणीची उघडझाप!" बाबा म्हणाले. "निमी राजा शापाने मेला. देव जिवंत करायला निघाले, तर म्हणाला, देहच नको. मग त्याला सगळ्यांच्या पापण्यांवर बसवलं. मेलेल्याचं नाव बाळाला? एवढी पुस्तकं वाचून हीच अक्कल?"

"पापणीवर बसल्यावर तो ना राजा, ना राणी. म्हणूनच निवडलं."

"मग भोगा," म्हणत ते गिऱ्हाइकाकडे वळले. दुसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आधीच, ते गेले.

भेटायला आलेल्यांनी त्यांना प्रेमळ ठरवून टाकलं. मेलं की माणूस आपोआप प्रेमळ होतो. आत्याने मला बाजूला घेतलं. "दादाला ते नाव आवडलं नव्हतं गं. आता तरी बदल."

"नाव तेच राहील. बाबांना काहीच आवडत नसे, आत्या," मी म्हटलं आणि त्यांच्या हयातीत कधी न काढलेले शब्द तोंडून निघाले, "मला मात्र बाबा फार आवडायचे."