गुहेचा काळा कोपरा

प्रोथरोच्या कारखान्यात कोरणाऱ्याच्या हाती अख्खं चित्र कधीच लागत नसे. लाकडी ठशावर चित्र काढून झालं की मागचे स्क्रू सोडवायचे, तुकडे वेगळे करायचे आणि एकेकापुढे टाकायचे. काम लवकर उरकतं, आणि आपण कशात हातभार लावतोय ते कुणाला कळतही नाही. बायबलात छापायचं चित्रही असंच वाटलं गेलं: सिंहांच्या गुहेत टाकलेला दानिएल. दानिएलचा चेहरा मालकाने स्वतःकडे ठेवला. सिंह म्हाताऱ्या ओबेदला दिले. केझायाच्या वाट्याला आला गुहेचा कोपरा, म्हणजे नुसता अंधार.

कोरलं ते पांढरं उमटतं, राखलं ते काळं. तेव्हा तिचं काम एवढंच, की हात लावायचा नाही. बाईला आणखी काय देणार? अख्ख्या लंडनमध्ये बाईला कोरणाऱ्यांच्या बाकावर बसू देणारा मी एकटा, हे प्रोथरो रोज ऐकवायचा.

तुकडे जोडले, पहिली छाप निघाली. काळ्या कोपऱ्यात दोन पांढरे ठिपके, शेजारी शेजारी, जमिनीपासून फार उंच नाहीत.

"कोरणी घसरली तुझी," प्रोथरो म्हणाला.

"मी कोरणी टेकवलीच नाही, मालक."

"मग लाकडाला डोळे फुटले?"

ओबेदने छाप खिडकीशी धरली. "सिंहाचे नाहीत हे. सिंह मी जन्मभर कोरतोय. हे पोराचे आहेत."

"गुहेत पोर कुठून आलं?"

"रविवारी तुम्हीच वाचता की," केझाया म्हणाली. "दानिएल सुखरूप वर आला. मग त्याच्यावर आळ घेणाऱ्यांना राजाने आत फेकलं, बायकापोरांसकट. तळाला टेकायच्या आत सिंहांनी त्यांची हाडं फोडली."

"लोक जेवायच्या आधी हे पान उघडणार. त्यांना दानिएल हवाय. भोक पाड, खुंटी बसव. पुन्हा दिसलं तर तू बाकावरून उठायचंस, कायमचं."

चुकलेल्या जागी भोक पाडून नव्या लाकडाची खुंटी ठोकायची, ही तिथली रीतच. तिने ठोकली, घासून सपाट केली. दुसरी छाप मालकाच्या आधी तिनेच पाहिली; ती जागा काळीभोर होती. ठिपके मात्र सरकले होते: आणखी खाली, पार कडेला, भिंतीला अंग चोरून बसल्यासारखे.

तिने पुन्हा गिरमीट उचललं आणि थांबली. मागे ठशाची कड. पुढे खुंटी. सरकायला उरली होती ती फक्त सिंहांकडची बाजू.

"नाही करत म्हणून सांग," ओबेद हळूच म्हणाला.

"आणि खाऊ काय? तुझी दाढी?"

ओबेदने मान खाली घालून आपली कोरणी उचलली. त्यालाही त्याचा बाक होता.

तिने भोक पाडलं. या लाकडाचा भुसा कोरडा, फुंकरीने उडणारा. या वेळी तो गिरमिटाला ओला चिकटून आला.

तिसरी छाप बघून प्रोथरो खूश झाला. कोपरा स्वच्छ काळा. "याला म्हणतात अंधार. आणि ओबेद, हा अलीकडचा सिंह काय शांत केलायस. पोट भरल्यासारखा दिसतोय."

ओबेदने त्या सिंहाचं तोंड मिटलेलं कोरलं होतं. छापेत त्याची जीभ बाहेर होती, ओठाच्या कडेवर.

केझायाने गिरमीट पुसलं, दोनदा पुसलं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिची जागा राहिली होती. प्रोथरोने नव्या चित्राचा तुकडा तिच्यापुढे टाकला.

तोही नुसता अंधारच होता.