खुंटाचा फुटवा

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या हिवाळ्यात चीनमधल्या एनशीतल्या आमच्या गावच्या शाळेच्या फाटकाजवळचं हायथांगचं, म्हणजे शोभेच्या सफरचंदाचं, झाड गोठलं. एप्रिल आला तरी त्याला पान नाही. हेडमास्तर थ्येन कुदळवाल्याला घेऊन आले, तर माझी वहिनी शियांग फेंगझी झाडाला पाठ लावून उभी.

“मावशी, बाजूला व्हा. मेलंय ते.”

“वरचं मेलंय. खाली बघा.”

कलमाच्या सांध्याखालून बोटाएवढा फुटवा आला होता.

“तो खुंटाचा. डोंगरातलं जंगली सफरचंद ते! फाटकाशी शोभेल का?”

हेडमास्तर हसले. मलाही हसू आलं. वहिनी आणि मी एकाच रोपवाटिकेत कामाला होतो. जंगली सफरचंदाचं बी पेरायचं, त्या रोपावर, म्हणजे खुंटावर, गुलाबी हायथांगचा डोळा बांधायचा आणि दर वसंतात खुंटाचे फुटवे खुडायचे. नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं. वहिनीनं एकतीस वर्षं ते खुडले. त्यांचीच पानं वाळवून आम्हाला चहा पाजला. हे झाडही तिनंच बांधलेलं, तिनंच लावलेलं. त्या शाळेत तिचं म्हणून तेवढंच होतं. शिकायला तिला कुणी पाठवलंच नव्हतं.

“जन्मभर फुटवे मोडलेस, आणि आता सांभाळतेस होय?” मी म्हणालो.

“चहा प्यालात ना भावजी? मग गप्प बसा.”

हेडमास्तरांनी चार वर्षांची मुदत दिली. “नाही फुललं तर उपटणार. मग रडायचं नाही.”

“आणि फुललं तर झाडावरची पाटी बदला. तिच्यावर हायथांग लिहिलंय म्हणे.”

वाळलेला शेंडा तिनं करवतीनं उतरवला, फुटव्याला बांबू बांधला. तीन वसंत नुसती पानं आली. चौथ्या वर्षी तिचे गुडघे गेले, म्हणून मी तिला तीनचाकीतून नेलं. फाटकापाशी पोहोचलो. कळ्या गुलाबी होत्या आणि फुलं पांढरीशुभ्र. फांदी दिसत नव्हती.

हेडमास्तरांनी जुनी पाटी उतरवली. मग म्हणाले, “मावशी, पाटीवर काय लिहू?”

“जंगली सफरचंद. दुसरं काय?”

बुंध्याशी एक नवा फुटवा आला होता. वहिनी माझा खांदा धरून वाकली, तो तिनं कट्कन मोडला आणि पानं चहासाठी खिशात टाकली.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या चार तारखेला, फळं पुरती तांबडी व्हायच्या आधी, वहिनी वारली. तिचं वय एकाहत्तर होतं.