स्टेनवोरच्या सुया

वारा काढणं सगळ्यात सोपं. चर्चच्या पत्र्यावर मार्चचा वारा कितीही बोंबलला तरी त्याचा आवाज एकाच पट्टीत बसून असतो, कान धरून बाहेर काढता येतो. आमच्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून मी तो तसाच काढला आणि मागच्या दारानं सोडून दिला. जाता जाता त्यानं शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलिन उचललं आणि खाडीपलीकडे नेऊन ठेवलं. शेजारी म्हणतो, वादळ आलं होतं. म्हणेना का.

खोकल्यांनीही फारसा त्रास दिला नाही. गावात माणसं एकशे चाळीस, आणि चाळीस वर्षं रेडिओत ध्वनिमुद्रणं केलेल्या माझ्या कानाला प्रत्येकाचा खोकला तोंडपाठ. बाकावरून घसरलेली काठी, पास्टरच्या पोटातली गुरगुर, सगळं निघालं. राहिल्या फक्त सुया.

स्टेनवोर पहिल्या बाकावर बसून स्वेटर विणते. आमच्याकडे बायका मैफलीत विणतातच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. स्टेनवोर पहिल्या गाण्याला नवा स्वेटर सुरू करते आणि शेवटच्या गाण्याला गळा पुरा करून उठते. दोन तासांत अख्खा स्वेटर. खोटं वाटत असेल तर माझ्या अंगावरचा बघा, हा परवाच्या ईस्टरचा. पण बाकीच्या बायकांच्या सुया हल्ली लाकडी असतात, हिच्या पोलादी, आईकडून आलेल्या. आणि चूक म्हणाल तर माझीच. माइकचा स्टँड मी तिच्या बाकाला लागूनच उभा केला, कारण तिच्या पिशवीत तळलेले पिळदार क्लेनूर होते, आणि त्यांच्यापासून लांब बसून मला काम सुचत नाही. झालं असं की गाणारी बावीस माणसं कुठेतरी दूर, आणि कानाशी टिकटिक, टिकटिक.

सोमवारी सकाळी पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात आम्ही नेहमीचे चौघं गळ्यापर्यंत बुडून बसलो होतो. मी, स्टेनवोर, गायनवृंदाचं संचालन करणारी हिल्दिगुन आणि वृंदातला सगळ्यात खर्जातला आवाज कोल्बेन, जो एरवी मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतो.

"ओड्डुर, ऐकलं मी ते," हिल्दिगुन मला म्हणाली. "रेडिओवाल्यांनी पहिल्यांदा आपलं गाणं मागितलंय. एप्रिलात, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवसाच्या सुट्टीला सगळा देश घरात बसून बर्फाकडे बघत रेडिओ ऐकणार, आणि ऐकणार काय? घड्याळाचं दुकान!"

"काढतो ना मी सुया."

"बुधवारपर्यंत काढ. नाही निघाल्या, तर पुढच्या मैफलीपासून चर्चमध्ये विणकाम बंद. पास्टरशी बोलून झालंय माझं."

स्टेनवोरनं भुवई वर केली. "मग मी घरीच बसेन."

"अगं, येऊ नको कोण म्हणतंय? फक्त विणू नकोस."

"रिकाम्या हातानं बसून ऐकण्याइतकं तुमचं गाणं चांगलं नाहीये, हिल्दिगुन."

कोल्बेन पाण्याखाली गेला. तो वर आला तेव्हा विषय संपला होता.

स्टेनवोर बोलली ती चेष्टेत, पण मला तिचा आवाज कळतो. एक्केचाळीस हिवाळे तो बाक तिचा आहे. वर्षाला चार मैफली, चार स्वेटर. खाडीच्या टोकाला एकटी राहणाऱ्या बाईची सगळी ऐट एवढीच. तिथून तिला उठवलं असतं तर ती घरीच बसली असती, अगदी खरोखर. आणि ते माझ्या माइकमुळे. त्यामुळे सुया निघणं भाग होतं.

आधी मी आवाज गाळणाऱ्या यंत्राला कामाला लावलं. दोन गाण्यांमधल्या शांततेत नुसत्या सुयाच वाजत होत्या; तेवढा तुकडा त्याला ऐकवला आणि सांगितलं, बाबा रे, असं जे जे दिसेल ते काढ. यंत्र पडलं आज्ञाधारक. लहान आणि टोकदार असं जे जे दिसलं ते सगळं त्यानं उचललं. गाणाऱ्यांच्या तोंडातले त, क, प सगळे गेले. कोल्बेन तर कवळी विसरून आल्यासारखा गात होता. ते सगळं परत जागच्या जागी घातलं आणि मग हातानंच काढायला बसलो. पडद्यावर एकेक टिकटिक उभ्या केसासारखी दिसते. हॅडॉक माशाचे काटे काढावेत तशी एकेक उपटायची. अकरा हजार चारशे निघाल्या. सगळ्या कॉफीच्या डब्यात भरून ठेवल्यात, डबा हलवला की अजून वाजतात.

बुधवारी दुपारी चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी झाली आणि सगळ्या वृंदासमोर मी ध्वनिमुद्रण लावलं. स्टेनवोर दाराजवळ बसली होती, पिशवी मांडीवर, तिचा बंद घट्ट आवळलेला.

पहिली दोन गाणी अशी, की खिडकीच्या काचा नुकत्याच पुसल्यात. हिल्दिगुननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्टेनवोरनं पिशवीचा बंद सोडला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तिसरं गाणं मेंढ्या डोंगरावरून उतरवण्याचं, उड्या मारत जाणारं. दोन कडवी ते तसं गेलं. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर, एका शब्दाच्या पोटात, सगळा वृंद थांबला. बावीस माणसं 'आ' धरून उभी. चांगली चार मोजेपर्यंत. मग जणू काही झालंच नाही असं गाणं पुढे पळालं.

"हे काय केलंस?" हिल्दिगुन ओरडली. "काहीतरी जास्तीचं चिकटवलंस तू तिथे!"

"देवाशप्पथ, मी फक्त काढलंय, घातलं काहीच नाही."

"ओड्डुर, तुझ्या शपथा गावाला माहीत आहेत. मूळचं लाव."

मी मूळचं लावलं, सुयांसकट. टिकटिक, टिकटिक, टिकटिक, आणि त्याच जागी सुया थांबल्या. गाणंही थांबलं. सुया सुरू झाल्या, गाणं सुरू झालं.

दाराकडून स्टेनवोर म्हणाली, "तिथे माझा गुंडा संपला. नवी लोकर जोडत होते मी."

सभागृहात कुणी कप खाली ठेवेना. मी हळूच पाचवं गाणं लावलं. ते निवांत सुरू होतं आणि पुढे आणखीच निवांत होत जातं. आजवर आम्ही सगळे त्याला हिल्दिगुनची समज म्हणत आलो. तिथे स्टेनवोर खांद्यावरच्या दोन रंगांच्या नक्षीला लागली होती. नक्षीत टाके मोजावे लागतात, हात धिमा होतो.

"कोल्बेन," हिल्दिगुन म्हणाली. "तुम्ही माझ्या हाताकडे बघत नाही?"

कोल्बेननं इकडेतिकडे पाहिलं. बाकीच्या एकवीस जणांनी कॉफीत डोकं घातलं.

"अगं, तुझ्या मागे ती पश्चिमेची खिडकी आहे," तो म्हणाला. "ऊन थेट डोळ्यांत येतं. तू आम्हाला नुसती काळी सावली दिसतेस, मग आम्ही सुया ऐकतो."

"पंधरा वर्षं?"

"ढग असले की बघतो ना."

"मग मी हात हलवते ते कशासाठी?"

"वा, असं कसं? तू हात खाली घेतलेस की कळतं, गाणं संपलं."

हिल्दिगुन उठली आणि बाहेर गेली. खिडकीतून ती दिसत होती, कोट न घालता, जिन्याच्या पायरीवर. आता मात्र मला वाईट वाटलं. सुया निघाल्या होत्या, अट पुरी झाली होती, आणि गावातल्या एका चांगल्या बाईचं नाक कापलं गेलं होतं. स्टेनवोर पिशवी घेऊन तिच्यामागे गेली. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, माइक लावायला हवा होता. एवढंच दिसलं की स्टेनवोरनं पिशवीत हात घातला, हिल्दिगुननं एक क्लेनूर घेतला, मग दुसरा, आणि दुसरा तोंडात असतानाच तिला हसू फुटलं. पायरीवर बसून हसली ती, डोळे पुसत.

आत येऊन ती मला म्हणाली, "सुयांसकटचं पाठव. त्याशिवाय आम्ही वेडे वाटतो."

"आणि विणकाम?"

"पास्टरशी पुन्हा बोलते मी."

उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी बर्फ पडला. रेडिओवरच्या बाईनं वृंदाचं नाव वाचलं, संचालन हिल्दिगुन असं वाचलं, आणि मग जरा अडखळून, "सुया, स्टेनवोर." पाठवलेल्या यादीत हिल्दिगुननं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. देशभरातून पत्रं आली म्हणतात. टपालाची गाडी दोन खेपा करत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आता गुरुवारच्या तालमीलाही स्टेनवोर येते. पहिल्याच गुरुवारी हिल्दिगुननं पुढच्या मैफलीची यादी तिच्यासमोर धरली. स्टेनवोरनं चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"जलद गाणी सगळी आधी घे," ती म्हणाली, "अंगाचा सरळ घेर असतो तोवर. हे लांबलचक शोकगीत खांद्याला ठेव. आणि गळ्याशी टाके कमी करताना मला कुणी घाई केलेली चालणार नाही."

"आणि लोकर?" हिल्दिगुननं विचारलं.

"लोकर मी आधीच जोडून आणीन."

हिल्दिगुननं पेन्सिल घेतली आणि क्रम बदलला. मग तिनं हात वर केले, सुया सुरू झाल्या, आणि त्यांच्या ठेक्यावर ती हात हलवायला लागली.