विजयमालाबाईंची साक्ष

आमच्या चर्चमध्ये सत्तर माणसं येतात असं पाळकसाहेब वर कळवतात. मी मोजतो तेव्हा त्रेसष्ट भरतात. उरलेली सात विश्वासानं धरायची. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, माणसं दिसली की मोजायची ही खोड तिथली. रिटायर झालो तेव्हा मंडळीनं हजेरीचं रजिस्टर माझ्या गळ्यात घातलं. किती आले, देवानं केलेल्या उपकाराची साक्ष कोणी दिली, प्रभुभोजन किती जणांनी घेतलं, सगळं माझ्या अक्षरात आहे. उपदेशात कोण झोपलं याला रकाना नाही, पण तेही माझ्याकडे असतं.

त्या रजिस्टरात जुलैच्या दुसऱ्या रविवारी मी लिहिलं, ‘विजयमाला भिंगारदिवे, मधुमेहातून पूर्ण मुक्त.’ आणि खाली रेघ मारली. रेघ मारायची काही गरज नव्हती.

विजयमाला गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एकच मुलगी, एस्तेर. सगळे तिला एस्तू म्हणतात. एस्तू रोज एसटीनं नगरला जाते, डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विजयमालेला सहा वर्षं साखर. आधी गोळ्या होत्या, मग इंजेक्शन आलं, सकाळी एक, संध्याकाळी एक. एस्तूच टोचायची.

जुलैत राहुरीकडे तीन दिवसांची उपवास-प्रार्थना झाली. बाहेरून कोणी प्रचारक आला होता. त्याला माईकची गरज नव्हती, तरी दोन लावले होते. विजयमालेनं तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढले. सुई नाही, गोळी नाही. चौथ्या दिवशी सकाळी एस्तूनं आईच्या बोटाला टोचून मशीन लावलं. एकशे अठरा! एरवी आकडा तीनशेच्या खाली उतरायला तयार नसायचा. एस्तू अंगणात येऊन ‘हालेलुया’ ओरडली ती मला माझ्या ओट्यावर ऐकू आली.

तीन दिवस पोटात अन्न नसलं की साखर उतरते, हे पोरीला शिकवलेलं होतं. पेपरात आलं असतं तर चार मार्कांचं उत्तर लिहून आली असती. पण आईच्या बोटातलं रक्त बघताना कोणाला पेपर आठवतो?

त्या रविवारी विजयमाला साक्ष द्यायला उठली. ही बाई वीस वर्षं शेवटच्या बाकावर बसलेली, गाणंसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणणारी. पुढं येऊन रडत रडत बोलली, आणि जाताना इंजेक्शनचा डबा माझ्या टेबलावर ठेवला.

“कंडक्टर, हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मला आता याचं काम न्हाई.”

मंडळी जोरात आमेन म्हणाली. मीही म्हणालो. डबा घरी नेऊन फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं ठेवला. टाकून का दिला नाही, हे मला कोणी विचारलं नाही. बरं झालं.

त्यानंतरच्या सात आठवड्यांत विजयमालेला अकरा घरांतून बोलावणं आलं. कोणाचं पोट, कोणाचा ताप, कोणाची सून नांदत नाही. जिला पाहुण्यांच्या घरी भांड्यांजवळ जागा मिळायची, तिच्यासाठी आता खुर्ची झटकून ठेवू लागले. म्हाताऱ्या बनुबाईनं तिची साक्ष ऐकून दम्याचा पंप ट्रंकेत टाकला. विजयमालेची मान पहिल्यांदा ताठ झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, बघायला बरं वाटायचं.

सकाळी मी एसटी थांब्यावर बसतो. काम काही नसतं, चढणारी माणसं मोजतो. एस्तूबरोबर दिशा असते, वस्तीवरची, त्याच कॉलेजात शिकते. शेतकऱ्याची पोर, तोंडाळ.

“आबा, आज किती?”

“तुम्ही दोघी धरून एकोणीस.”

“हिचा देव धरून वीस,” दिशा म्हणायची. “बसमध्ये ही डोळे मिटून प्रार्थना करते अन् जागा मी धरायची. डबा उघडला तरी तेच. आम्ही चौघी घास हातात घेऊन थांबतो. माझ्या दोडक्याला पण फुकट आशीर्वाद.”

“दोडक्यालाच जास्त गरज आहे,” एस्तू म्हणायची.

ऑगस्टच्या शेवटी एका बुधवारी दिशानं दोनदा टोमणा मारला तरी एस्तू बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मग एकदम माझ्यासमोर येऊन म्हणाली, “आबा, साक्ष मागे घेता येते का?”

“आजवर कोणी घेतली नाही. रजिस्टरात तसा रकाना नाही.”

मग सगळं निघालं. शाळेत उकळतं पाणी विजयमालेच्या पायावर सांडलं होतं आणि तिला ते कळलंच नव्हतं. घरी आल्यावर एस्तूला फोड दिसले. आता करंगळी काळी पडायला लागली होती. साखर चारशे दहा. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आठ दिवसांत सुई सुरू झाली नाही तर बोटावर भागणार नाही, पाऊल जाईल. त्यानंतर काय जाईल ते त्यांनी सांगितलं नाही, पण ही शिकते तेच आहे.

“मग घेत का न्हाई त्या?” दिशा म्हणाली.

“ड्रेसिंगला येते. सुईचं नाव काढलं की उठून चालायला लागते. म्हणते, मी मंडळीत उभी राहून बोलले, आता घरात लपून सुई घेऊ? चहात गोळी विरघळवली, तर पहिल्या घोटाला ओळखलं. दोनशे पोरांची खिचडी चाखणारी बाई ती.”

“पाळकसाहेब?” मी विचारलं.

“बोलले. आई म्हणाली, तुमीच आमेन म्हनला हुता की. ते चहा पिऊन निघून गेले.”

“अगं, उपासानं साखर उतरली होती म्हणून सांग.”

“सांगितलं, आबा.” तिनं ओढणीचा पीळ घट्ट केला. “ती म्हणाली, हालेलुया कोन वरडलं हुतं? मंडळीत मला खोटं पाडशील तर परत माझ्या हातचं खाऊ नको म्हणाली.”

बस लांब दिसायला लागली होती. दिशा म्हणाली, “आमची आजीपण अशीच. बीपीच्या गोळीला हात लावायची नाही. मग चुलतीच्या अंगात देवी आली अन् देवीनं सांगितलं, गोळी घे. तेव्हापासून टायमात घेते. तू पण सांग, तुझ्या देवानं सांगितलं म्हणून.”

“चुलतीच्या अंगात खरंच आली होती?”

“चुलतीला विचार की,” दिशा हसली. “आजी जिवंत हाय ना?”

“आमच्यात तसं बोलता येत नाही.”

“बोलता येत नाही का बोलायचं नाही?”

एस्तूनं बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली. बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, समोरच्या दांड्यावर कपाळ टेकलं. त्या दिवशी तिनं काय मागितलं मला माहीत नाही. मागून मिळालं नाही, एवढं रविवारी कळलं.

रविवारी हजेरी एकसष्ट. विजयमाला पुढच्या बाकावर, पायाला फडकं, त्यावर मोजा, मोज्यावर सँडल. वास येत होता. शेजारच्या बायका पदर नाकाशी धरून, डोळे मिटून, भक्तीत असल्यासारख्या बसल्या होत्या. साक्षीची वेळ झाली आणि एस्तू उठली.

ही पोर संडे स्कूलला शिकवते. मागच्याच महिन्यात चिमुरड्यांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. नववीला, ‘खोटी साक्ष देऊ नको’ला, अडखळणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत होती.

“प्रभूची स्तुती असो,” ती म्हणाली. “गुरुवारी पहाटे मी प्रार्थना करत होते. तेव्हा प्रभू माझ्याशी बोलला.”

 झोपलेले दोघेही जागे झाले.

“तो म्हणाला, तुझ्या आईला मीच हात लावला. आणि औषधही मीच दिलं आहे, ते तिनं का टाकलं? तिला सांग, माझ्या हातून घेतल्यासारखं घे. बनुआजीलाही सांग.”

चौतीस वर्षं मी चौदा वर्षांच्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या आया बघितल्या आहेत. खोटं बोलणारा माणूस नजर चोरतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तो सरळ बघतो, अजिबात पापणी न हलवता, कारण हलली तर सगळंच कोसळेल. एस्तू तशी बघत होती, भिंतीवरच्या क्रुसाकडे. दोन्ही हातांनी पुढचा बाक धरला होता.

मंडळी आमेन म्हणाली, जुलैपेक्षा जोरात. बनुबाई रडायला लागली. मी रजिस्टरात लिहिलं, ‘एस्तेर भिंगारदिवे, दर्शन.’ रेघ मारली नाही.

विजयमाला आमेन म्हणाली नाही. ती मुलीकडे बघत होती. एकोणीस वर्षं जिला वाढवलं तिचं खोटं ओळखायला कंडक्टर असावं लागत नाही.

भक्ती सुटल्यावर दोघी माझ्या दारात. विजयमाला ओट्यावर टेकली.

“आबा, डबा द्या,” एस्तू म्हणाली.

मी फ्रीजमधून काढून दिला. एस्तूनं तारीख बघितली, उघडलेलं इन्सुलिनचं पेन बाजूला टाकलं, सीलबंद काढलं. सुई बसवून टोपण काढलं.

“कंडक्टर,” विजयमाला माझ्याकडे बघत म्हणाली, “माझी पोरगी देवाच्या घरात खोटं बोलली.”

“मला काय ठाऊक, बाई. मी फक्त माणसं मोजतो.”

“लई हुशार हाय तुमी. डबा दह्यामागं ठेवणारे.” मग एस्तूकडे वळली. “बोलली का न्हाई?”

“बोलले.”

“तिथं उभी ऱ्हाऊन.”

“हो.”

“मग मी तरी काय करू? सुई न्हाई घेतली तर तुझं पापबी वाया जायाचं.” तिनं पदर बाजूला करून पोटाची कातडी चिमटीत धरली. “टोच. वाकडं तोंड करू नको, मी मेले न्हाई अजून.”

एस्तूनं टोचलं, आणि डबा बंद करून माझ्या दाराला पाठ लावून खाली बसली. पोरगी रडली असती तर मला धीर देता आला असता.

सोमवारी दवाखान्यात भरती केलं. करंगळी काढावी लागली, पाऊल राहिलं. सप्टेंबर सगळा येण्याजाण्यात गेला. बनुबाईचा पंप ट्रंकेतून निघाला. बोलावणी थांबली नाहीत, उलट आता एस्तूलाही बोलावू लागले, प्रभू तिच्याशी बोलतो म्हणून. ती अभ्यासाचं निमित्त सांगून जात नाही.

थांब्यावर दिशा मला बाजूला घेऊन म्हणाली, “आबा, ही आता बसमध्ये डोळे उघडे ठेवून बसते. डबा उघडला की सरळ खायला लागते. आम्ही सवयीनं घास धरून थांबतो, अन् ती जेवत असते.” यावर तिला काही जोक सुचला नाही. “मी उगंच बोलले का हो?”

“आई जिवंत आहे ना?” मी म्हणालो. तिचंच वाक्य होतं, पण तिला ते आवडलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. हजेरी त्रेसष्ट. द्राक्षरसाचे काचेचे छोटे कप मीच भरतो, बरोबर त्रेसष्ट भरले. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, आधी ज्यानं त्यानं स्वतःला तपासावं, मग हात पुढे करावा. हे दर महिन्याला सांगतात आणि दर महिन्याला सगळे हात पुढे करतात. तपासणी इतक्या लवकर एसटीतही होत नसे.

बायकांच्या बाजूला ट्रे मी फिरवतो. विजयमाला काठी घेऊन बसली होती, शेजारी एस्तू. भाकर फिरली तेव्हाच मी पाहिलं, एस्तूनं ताट न घेता पुढे सरकवलं. कप घेऊन मी तिच्यापुढे थांबलो.

“घे, एस्तू.”

“नको, आबा. पुढं न्या.”

“अगं, तुझा भरलाय.”

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ओल्या रंगाला बोट लागू नये म्हणून लहान पोरं बसतात तशी. “मला चालत नाही आता,” ती म्हणाली. दवाखान्यातलं पथ्य सांगावं इतक्या साध्या आवाजात.

विजयमालेनं आपला कप पिऊन ठेवला होता. तिनं ट्रेमधून दुसरा उचलला आणि मुलीसमोर धरला.

“मी घेते का न्हाई तुझी सुई? रोज दोन येळा. पटलं म्हनून घेते व्हय?”

विजयमालेनं कप आणखी जवळ नेला.

“घे ग, बाय.”

मागं बाकांवर माणसं थांबली होती. मला पुढे जावं लागलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलो, परत आलो, गाणं झालं, आशीर्वाद झाला. विजयमालेचा हात तसाच होता. कोपर दुसऱ्या हातावर टेकवलेलं, कपातला रस हलत होता. एस्तूचे हात मांड्यांखालीच.

लोक उठले तशी विजयमालाही उठली. एका हातात काठी, दुसऱ्यात कप, त्यावर पदर. लंगडत पायऱ्या उतरली. एस्तू तिच्या मागं दोन पावलं, आईला धरावं की नाही हे न समजल्यासारखी.

मी रिकामे कप धुऊन मोजले. बासष्ट. ‘प्रभुभोजन घेतलेले’ या रकान्यात काही लिहिलं नाही. पाळकसाहेबांनी दोनदा विचारलं, मी म्हणालो, मोजतोय.

तो कप अजून त्यांच्याच घरी आहे. मी मागायला गेलेलो नाही. विजयमालेनं तो खिडकीत ठेवलाय, रस्त्यावरून दिसतो. वाळून तळाला काळा झालाय, पण भरलेला होता एवढं कळतं.