पाटावर बसली धुरपदाबाई

नूतनला इंग्लंडातल्या विद्यापीठाचा होकार आला आणि सुरतेत, बमरोलीच्या त्या चाळीत पेढ्यांच्या आधी सल्ले वाटले गेले!

शिष्यवृत्ती पूर्ण मिळाली होती, त्यामुळे पैशाचं रडगाणं नव्हतं. पासपोर्ट आला होता, व्हिसाची मुलाखत मुंबईला जाऊन पोरगी एकटीच देऊन आली होती. तिचा बाप छगन पांडेसऱ्याच्या कापडमिलमध्ये रंगखात्यात होता. तिथलं लाल-निळं पाणी खाडीत सुटायचं ते नूतन लहानपणापासून बघत आलेली. ते पाणी स्वच्छ कसं करायचं, हेच तिला शिकायचं होतं. मग अडचण कसली? अडचण एकच. पोरगी होती!

समाज मंडळाचे अध्यक्ष सुपडूअण्णा. पर्वत पाटिया भागात त्यांचं साड्यांचं दुकान. त्यांनी छगनला बोलावून घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. आता, मोठ्या माणसाने पाठीवर हात ठेवला की गरिबाने सावध व्हावं. पण छगन विरघळला.

"छगन, पोर हुशार आहे, मान्य. पण पोरीची जात! सातासमुद्रापार मोकळी सोडतोस? लोक काय म्हणतीन?"

"मग काय करू अण्णा? जाऊ नको म्हणू?"

"छे छे, मी असं कुठं म्हणलं? लगीन बी नको करू. नुसती सुपारी फोडून ठेव. माझा धाकटा वाल्मिक आहे ना! पुढं तिच्या मागं तोही जाईल तिकडं. सगळ्यांचंच भलं."

या सुपडूअण्णांचा थोरला लखन वर्षापूर्वी मस्कतला गेला, तेव्हा मंडळाने बँड लावला होता. लखनची सुपारी फोडा, असं कुणी म्हटलं नव्हतं. हे छगनच्या मनात आलं, पण ओठावर आलं नाही. त्याने मान डोलावली. आणि त्याहून वाईट म्हणजे घरी येऊन पोरीला सांगितलं, "रविवारी मंडळ तुझा सत्कार करणार आहे. चांगली साडी नेस."

बायकोला, मंगलाबाईला, खरं ठाऊक होतं. ती दोन दिवस भाकरी थापता थापता डोळे पुसत राहिली. पण बोलली नाही. आपल्याकडे घरोघरी अशा न बोलणाऱ्या आया आहेत, खोटं सांगत नाही.

रविवारी दुपारी चाळीच्या अंगणात सतरंज्या पडल्या. मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. त्यांच्या भावकीत रीत अशी, की आत्याने भाचीचा हात धरून तिला बाहेर आणायचं आणि पाटावर बसवायचं. पोरगी पाटावर टेकली, कपाळी कुंकू लागलं, सुपारी फुटली, की शब्द पक्का. मग मोडणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही.

आत्या म्हणजे छगनची थोरली बहीण धुरपदाबाई. तरुणपणीच नवरा गेलेली; पण दुसरी आत्या नव्हती, म्हणून हात धरण्यापुरती ती चालत होती. बमरोलीत खानदेशातून आलेल्या एकट्या कामगारांची खानावळ चालवायची. तिच्या हातची शेवभाजी खाऊन निम्मे लूमवाले जगले आणि तिच्या तोंडच्या शिव्या खाऊन उरलेले सुधारले!

"अक्का, नूतनला घेऊन ये बाहेर," छगन म्हणाला. त्याने बहिणीच्या डोळ्यांत बघितलं नाही.

धुरपदाबाई भाचीचा हात धरून उंबऱ्यापर्यंत आली. नूतनला समोर पाट दिसला, रांगोळी दिसली, नवी टोपी घातलेला वाल्मिक दिसला. ती जागच्या जागी थांबली.

"अप्पा, हा सत्कार आहे?"

छगन सतरंजीचं टोक सारखं करायला लागला.

"मला फसवलंत तुम्ही! व्हिसावाल्या परक्या माणसाने मला इतके प्रश्न विचारले, पण फसवलं नाही. आणि तुम्ही?" मोकळ्या हाताने तिने दाराची चौकट धरली. "मी नाही बसणार या पाटावर. घरात कोंडून ठेवा, चालेल. नाही बसणार!"

"ऐकलंस छगन?" सुपडूअण्णा गरजले. "अजून विमानात बसली नाही तर ही भाषा! धुरपदाबाई, तुम्ही वडीलधाऱ्या आहात. बसवा तिला."

धुरपदाबाईने भाचीचा हात सोडला. पदर खोचला. तरातरा अंगणात आली आणि त्या रांगोळीच्या मधोमध, पाटावर, स्वतः फतकल मारून बसली!

बायकांनी तोंडाला पदर लावले. विधवा बाई सुपारीच्या पाटावर! "अहो, हे काय करता? अपशकुन!" सुपडूअण्णा ओरडले.

"माझ्या कपाळी लावा ना कुंकू! लावा! पाट रिकामा राहायला नको ना तुमचा?" धुरपदाबाई कडाडली. "मी सातवीत होते. बाईंनी सांगितलेलं, पोरीला पुढं शिकवा. बापाने अशीच सुपारी फोडली. लोक काय म्हणतीन म्हणून! नवरा गेला आणि लोक कुठं गेले? एक जण दारात आला नाही. खानावळीचा तवा मी एकटीने पेटवला."

"अक्का, तेव्हाची गोष्ट वेगळी..." छगन पुटपुटला.

"काय वेगळी रे भाऊ? तू गाव सोडून सुरतेला निघालास, तेव्हा आपल्या चुलत्याने काय म्हटलं होतं? सुरतेला गेला तो हातचा गेला! तुझी सुपारी मागितली कुणी? अण्णा, तुम्ही एका पिशवीनिशी नंदुरबारहून गाडीत चढलात. तुमची हमी कोणी घेतली होती? इथं बसलेला एकेक जण घर सोडून आलेला आहे. घर सोडलं म्हणून पोटाला मिळालं. आणि आता पोरगी निघाली, तर तिच्या पायात दोरी?"

मग ती वाल्मिककडे वळली. "तू सांग बाळा. तुला माझी भाची पाहिजे का तिचं इंग्लंड पाहिजे?"

वाल्मिकने बापाकडे बघितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला तर दुकानच बरं आहे आत्या. बापाने सांगितलं म्हणून आलो." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"उठा त्या पाटावरून!" अण्णांचा आवाज आता चिरकला होता. "छगन, तू मंडळात शब्द दिला आहेस. मोडलास तर तुझ्या दारात समाजाचा माणूस फिरकणार नाही. बोल!"

सगळे छगनकडे बघायला लागले. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं मिलमध्ये राबून नखांत बसलेला तो रंग कुठल्याच साबणाने जात नव्हता. हाच रंग पाण्यातून काढायला पोरगी निघाली होती आणि आपण तिला फसवून पाटावर बसवत होतो! त्याला स्वतःची लाज वाटली. उघडउघड, सगळ्यांदेखत वाटली.

तो उठला. तबकातली सुपारी उचलली, अडकित्ता घेतला. मंगलाबाईच्या तोंडून "नका हो!" निघालं. दोन दिवसांतला तिचा पहिला शब्द!

कट्! सुपारी फुटली.

"घ्या अण्णा," छगनने पहिली फोड त्यांच्याच हातावर ठेवली. "सुपारी फोडतो म्हणालो होतो, फोडली. पण ही माझ्या नूतनच्या शिक्षणाची सुपारी! ती एकटी जाणार, मोकळी जाणार, आणि तिला पाहिजे तेव्हा, पाहिजे त्याच्याशी लग्न करणार. नाही केलं तरी माझी हरकत नाही. शब्द पक्का! समाजाने माझं पाणी पिऊ नये. मी माझं पिईन."

मग तो पोरीपुढे गेला. "नूतन, चुकलो ग मी."

नूतनने बापाच्या हातातली एक फोड घेतली आणि तोंडात टाकली.

सुपडूअण्णा तरातरा निघून गेले. त्यांच्यामागे काही जण गेलेही. पण बरेच बसून राहिले, आणि मंगलाबाईने आतून पाण्याचा तांब्या आणला तेव्हा सगळ्यांत आधी वाल्मिकनेच हात पुढे केला.

"आता तरी उठ अक्का," छगन म्हणाला.

"थांब रे, बरं वाटतंय," धुरपदाबाई म्हणाली. "नूतन, चहा आण इथंच."

वाचकहो, तुम्ही-आम्ही सगळे कुठून तरी निघून कुठे तरी आलेली माणसं आहोत. आपल्या पायांना जी वाट मिळाली, ती लेकीच्या पायांना नाकारायची नाही. लोक काय म्हणतील, या प्रश्नाला घाबरून घरात पाट मांडला जात असेल, तर घरातल्या एकाने तरी पुढे होऊन त्यावर फतकल मारावी!