एक ओळ पुढे

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या आमच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला शेवटी शेवटी चौदा माणसं उरली होती. मी मोजली आहेत. आमचे आजोबा-पणजोबा जालन्याकडून इथं आले तेव्हा ही उपासना सुरू झाली. आता घरातल्या तरुणांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून आमच्यात ओळ सांगायची पद्धत आहे. पुढे उभा असलेला माणूस गीताची एक ओळ गाऊन सांगतो, मग मंडळी तीच ओळ गाते. गेली बावीस वर्षं ओळ सांगतात ते माझे बाबा, देवराव.

मार्चमध्ये आमचे पास्टर निवृत्त झाले आणि त्याच चर्चमधल्या तेलुगू मंडळीनं निरोप धाडला, वेगळे कशाला बसता, दहाच्या उपासनेला आमच्यात या. सगळ्यांना पटलं. बाबांना नाही. जूनच्या शेवटच्या रविवारी सभेत ठरायचं होतं, आणि बाबांनी घरी सांगून टाकलं होतं की एकत्र झालात तर मी पुन्हा चर्चची पायरी चढायचा नाही.

"भाषा जाईल आपली," ते म्हणत.

हे खरं कारण नव्हतं. मी ऑडिओलॉजी शिकले आहे. कोठी भागातल्या एका क्लिनिकमध्ये दिवसाला दहा-बारा माणसांचे कान तपासते. बाबांनी तीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढली. तसल्या आवाजात कानातल्या बारीक पेशी मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच आवाज जातात, स, श, फ जातात. जाड आवाज उरतात. बाबा बोलताना माझ्या ओठांकडे बघतात. मागून हाक मारली तर वळत नाहीत. हे मला तीन वर्षांपासून दिसत होतं. परक्या माणसांना मी रोज हे तोंडावर सांगते. बाबांना सांगितलं नव्हतं.

ओळ सांगणाऱ्याला फारसं ऐकावं लागत नाही. ऐकणं हे मागच्यांचं काम. तेलुगू उपासनेत बाबा मागचे होणार होते.

सभेच्या आदल्या दुपारी ते गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी निवडत बसले होते. त्यांना माझे ओठ दिसतील अशी मी समोर बसले.

"बाबा, तुम्हाला ऐकू कमी येतं."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणते."

"तुझ्या क्लिनिकात पेशंट कमी पडले वाटतं."

मी हसले नाही. त्यांनी पुढची जुडी उचलली.

"कधीपासून कळलं तुला?"

"तीन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस, मेधा?"

"तुम्ही का नाही बोललात?"

त्यांनी जुडी खाली ठेवली. "तुझी आई होती तोवर ती हाताला हळूच चिमटा काढायची, मंडळीची ओळ संपली की. ती गेल्यावर मी अंदाजानं चाललो. काय सांगू लोकांना? ओळ सांगणारा बहिरा आहे म्हणून?" मग म्हणाले, "पवित्र शास्त्रात तो बहिरा माणूस आहे बघ. प्रभू त्याला बरं करायला गर्दीतून बाजूला घेऊन गेला. चारचौघांत नाही उभा केला. मीही रोज एकटाच मागतो त्याच्याजवळ."

ती गोष्ट मला रविवारच्या शाळेपासून पाठ होती.

"पण बाबा, त्याला प्रभूकडे आणलं कुणी?"

"लोकांनी."

"म्हणजे लोकांना ठाऊक होतं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. ओठांकडे नाही, डोळ्यांत. रात्री जेवायला बसताना त्यांनी प्रार्थना मोठ्यानं केली. एरवी मनातल्या मनात करतात. "प्रभू, उद्या तोंड उघडायची हिंमत दे," एवढंच मागितलं, आणि भाताला हात घातला.

सभा सुशीलाबाई चालवत होत्या. आमच्यात सर्वांत वडील त्याच, शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी एकेकाचं मत घेतलं आणि हातानं खूण करून विचारलं, "देवराव, तुमचं?"

बाबा उठले. "मला साक्ष द्यायची आहे." त्यांनी पुढचा बाक घट्ट धरला. "मी भाषेचं नाव पुढे केलं. ते खोटं होतं. मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. तुम्ही गाता ते मला कळत नाही, मी आपला पुढची ओळ सांगत जातो. तिकडं गेलो तर कोण कुठवर आलंय काही समजायचं नाही, म्हणून मी भ्यालो. तुम्हालाही त्यापायी अडवून धरलं."

"ठाऊक आहे हो आम्हाला," सुशीलाबाई म्हणाल्या.

"काय?"

त्या उठून त्यांच्यासमोर आल्या. "ठाऊक आहे! सात वर्षं तुम्ही सूर सोडून गाताय. तुमचा सूर जिथं जाईल तिथं आम्ही येतो. तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून."

दिलसुखनगरला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवणारा विकी मागून ओरडला, "हौ मामा, अख्ख्या हैदराबादेत आपल्यासारखी बेसूर मंडळी नाही!"

सगळे हसले. सगळ्यांचे चेहरे बघून, एक क्षण उशिरा, बाबाही हसले, आणि मग डोळे पुसत खाली बसले. माझे कान शिकलेले आहेत, आणि इतकी वर्षं मी समजत होते की आमच्या लोकांना गाताच येत नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही दहाच्या उपासनेला गेलो. बाबा माझ्याशेजारी दुसऱ्या रांगेत बसले. चाल आमच्याही गीताची होती, शब्द तेलुगू; कोणतं गीत ते मी बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं. ढोलकीचा जाड ठेका त्यांच्यापर्यंत पोचत होता, बाकी काही नाही. दुसऱ्या कडव्यापाशी ते माझ्याकडे वाकले.

"कितवं कडवं?"

त्यांना वाटलं ते कुजबुजले. चार-पाच रांगांची डोकी वळली. बाबांचा चेहरा लाल झाला, पण मान खाली गेली नाही. मी दोन बोटं दाखवली. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज, "आता?"

मी हात उचलायच्या आतच, मघाशी माझी बोटं बघून घेतलेल्या पहिल्या रांगेतल्या एका तेलुगू म्हातारीनं, मागं न वळता, आपला हात डोक्यावर उंच धरला. तीन बोटं. पुढच्या कडव्याला चार.

बाबांनी तिच्या हातावर नजर ठेवली आणि चौथं कडवं मराठीत, मोकळ्या गळ्यानं गायलं.