‘कृपया’ला मिळालेले मार्क

हसू नका रे, आधी ऐका. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

मामाचं ऑफिस लिफ्टदुरुस्तीचं, माहितेय ना? त्याच्या मेल एका फुकटातल्या खात्यावर यायच्या. त्यात तक्रारी चिमूटभर आणि लॉटरी, गोळ्या, ‘तुमचं खातं बंद होतंय’ असला गाळ ढीगभर. मी म्हटलं, मामा, मी तुला ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर बसवून देते. जुना कॉम्प्युटर घेतला, झाडू-बादलीच्या खोलीत ठेवला आणि बसले. आधी तर आपलीच मेल लोकांचे सर्व्हर परत पाठवायचे, ‘कोण तुम्ही?’ म्हणून! ते निस्तरलं. मग स्पॅम फिल्टर लावला. तो शिकतो कसा, तर फालतू मेल आपण एका फोल्डरमध्ये ओढायची. त्यातल्या शब्दांना तो मार्क देतो. पुढच्या वेळी तसले शब्द दिसले आणि मार्क फार झाले, की मेल आपणहून त्याच फोल्डरमध्ये.

फोल्डरला मी नाव दिलं होतं ‘स्पॅम’. मामा म्हणाला, “स्पॅम-बिम कुणाला कळतंय गं? सरळ ‘नकोशा’ लिही की.” लिहिलं.

आता तक्रारींच्या टेबलावर बसतो कोण? उद्या! खरं नाव वेगळंय त्याचं, पण प्रत्येक काम उद्यावर ढकलतो म्हणून अख्खं ऑफिस त्याला उद्याच म्हणतं. या उद्याला नकोशी मेल कुठली असणार? लॉटरी? छे, ती तर तो मिटक्या मारत वाचतो!

परवा दुपारी एक बाई आल्या. शाळेत शिकवतात, सहाव्या मजल्यावर राहतात. वडील चाकाच्या खुर्चीत. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबते, खुर्ची आत-बाहेर होत नाही, म्हातारा माणूस महिनाभर घरात कोंडलेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन.

“किती मेल केल्या मी,” त्या म्हणाल्या. “फोन केला तर म्हणता मेल करा. एकीला तरी उत्तर द्यायचं!”

मामा अगदी लोण्यासारखा. “मॅडम, तुमची मेल आलीच नाही हो. नाही का गं?”

मी सर्व्हर उघडून बघितलं. आल्या होत्या. सगळ्या आल्या होत्या, सगळ्या ‘नकोशा’मध्ये. आणि एकट्या त्यांच्याच नाहीत! ‘दार उघडत नाही’, ‘आई आत अडकली होती’, ‘कुणीतरी या’. उद्याने सुरुवातीला हाताने ओढल्या, मग फिल्टर शहाणा झाला, स्वतःच ओढायला लागला. सगळ्यात वाईट मार्क कुठल्या शब्दाला असतील? ‘कृपया’! बरोबरच आहे ना. लॉटरीवाला कशाला म्हणेल कृपया?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या म्हणतो कसा, “नकोशा टाका म्हणाला होतात. मला नकोच होत्या.” निर्लज्ज!

मामाने मला खोलीत ओढलं. “बाहेर जाऊन सांग, सर्व्हर बिघडला होता. मेकॅनिक दुसरीकडे अडकलाय, दोन दिवस मागून घे.”

“सर्व्हर बिघडलेला नाही, मामा. तुम्ही शिकवलंत तेच शिकलाय तो!”

“हळू बोल! खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?”

मी दार उघडलं आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, त्या म्हणतील, खरं बोललीस पोरी. कसलं काय! त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामाला म्हणाल्या, “तुमचं भांडण नंतर करा. लिफ्ट आज होणार का नाही?”

मामाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. पण आता सगळं ऑफिस बघत होतं ना! लावला फोन मेकॅनिकला.

मीपण गेले मेकॅनिकबरोबर. न जाऊन करते काय, ऑफिसात बसवतच नव्हतं. तासाभरात लिफ्ट मजल्याला बरोबर टेकली. बाईंनी वडिलांची खुर्ची आत ढकलली, बाहेर काढली, पुन्हा ढकलली. साधा धक्का नाही. मला इतकं बरं वाटलं, मी हसले.

आजोबांनी मान वर केली. “तुम्हीच का लिफ्टवाले?”

“हो,” मी म्हटलं.

“मग हसता काय? उद्या ही मला पाठुंगळीला घेऊन सहा मजले उतरणार होती. तिची पाठ बघितलीत?”

बघितली. त्या माझ्याकडे पाठ करूनच उभ्या होत्या, पाठदुखीचा पट्टा ब्लाउजखालून दिसत होता. खिशात माझा फोन वाजतोय, वाजतोय, मामाचाच. उचलला नाही.

आजही उचललेला नाही.